मोबाइलच्या नकाशातली चूक: ओळखायची कशी, कळवायची कशी आणि दुरुस्त करून घ्यायची कशी

नकाशाने भलतीकडे नेल्याचा राग साधारणपणे तीन ठिकाणी निघतो. ॲपला एकच तारा देऊन, मित्रांच्या ग्रुपवर, किंवा फीडबॅकच्या चौकटीत "तुमचा नकाशा भंगार आहे" असं लिहून. ज्या बंद फाटकावरून परत फिरावं लागलं, त्या फाटकाची नोंद यातल्या कशानेही बदलत नाही. तुमची तक्रार तपासणाऱ्याने ती जागा कधी पाहिलेली नसते, आणि बऱ्याचदा तपासणारा माणूसही नसतो, संगणकीय प्रणाली असते. तिच्यापुढे प्रश्न एकच: हे खरं कशावरून? ज्या तक्रारीत याचं उत्तर असतं ती पुढे सरकते. बाकीच्या पडून राहतात.

म्हणून बटण दाबण्याआधी दोन कामं करायची आहेत. चूक नेमकी कशात आहे ते ओळखायचं, आणि ती जागा न पाहिलेल्याला पटेल असा पुरावा गोळा करायचा. बटण कुठे आहे हे त्यानंतर बघू. ते तसंही ॲपच्या प्रत्येक मोठ्या अपडेटनंतर जागा बदलतं.

पायरी १: चूक नकाशाची की फोनची?

सुरुवात निळ्या ठिपक्यापासून करा. ठिपक्याभोवती जे फिकट निळं वर्तुळ दिसतं, ती फोनने दिलेली कबुलीच असते की "मी या वर्तुळात कुठेतरी आहे". वर्तुळ मोठं असेल तर नकाशाला दोष देण्यात अर्थ नाही. अमेरिकी सरकारच्या जीपीएसच्या अधिकृत माहितीनुसार मोकळ्या आकाशाखाली स्मार्टफोनची अचूकता साधारण ४.९ मीटरच्या त्रिज्येत असते. "मोकळ्या आकाशाखाली" हे शब्द इथे महत्त्वाचे. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहाचा संदेश भिंतींवर आपटून उशिरा पोहोचतो, त्यामुळे फोनला अंतर जास्त वाटतं आणि ठिपका शेजारच्या रस्त्यावर उडी मारतो. उपग्रहाच्या संदेशाच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही वारंवारता पकडणाऱ्या फोनमध्ये हा गोंधळ कमी होतो, पण संपत नाही.

मग सेटिंगमध्ये जाऊन ॲपला अचूक लोकेशनची परवानगी आहे का ते बघा. ॲपल फोनवर आयओएस १४ पासून आणि अँड्रॉइडवर १२व्या आवृत्तीपासून "फक्त अंदाजे लोकेशन द्या" असा पर्याय आला आहे. कधीतरी खाजगीपणाच्या काळजीने तो निवडलेला असतो आणि नंतर आठवत नाही. अशा फोनवर नकाशा कितीही अचूक असला तरी उपयोग नाही. बॅटरी बचतीचा मोडही तपासा. वाय-फाय स्कॅनिंग चालू ठेवा, कारण इमारतींच्या गर्दीत आणि छताखाली फोन आसपासच्या वाय-फायच्या खुणांवरूनही जागा ताडतो. ठिपका बरोबर जागी आहे पण बाण उलट्या दिशेला आहे, तर तो दोष होकायंत्राचा. फोन हातात धरून इंग्रजी आठच्या आकारात फिरवला की बहुधा सुटतो.

इथे एक गोष्ट फसवी आहे. नेव्हिगेशन चालू असताना ॲप ठिपका मुद्दाम जवळच्या रस्त्यावर ओढून बसवतं. त्यामुळे "मी त्या रस्त्यावरून गेलो, ठिपका तिथेच दिसत होता" हा पुरावा होत नाही. तुम्ही उड्डाणपुलाखालच्या रस्त्यावर असताना ॲपने तुम्हाला पुलावर बसवलेलं असू शकतं. खात्री करायची तर नेव्हिगेशन बंद करून, एका जागी मिनिटभर उभं राहून ठिपका बघा.

फोन निर्दोष ठरला तर आणखी दोन संशयित तपासा. एक, डाउनलोड करून ठेवलेला जुना ऑफलाइन नकाशा. तो अपडेट करा आणि मग बघा. दुसरा, उपग्रहचित्र. चित्रावर रस्त्याची रेघ घरांवरून गेलेली दिसली की लोकांना वाटतं रस्ता चुकला. बऱ्याचदा चित्रच काही मीटर सरकलेलं असतं, विशेषतः डोंगराळ भागात, कारण तिरप्या कोनातून घेतलेला फोटो उंचसखल जमिनीवर नीट बसवणं अवघड असतं. सगळेच रस्ते एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसत असतील तर चित्राचा दोष धरा. एकच रस्ता वाकडा असेल तर रेघेचा.

पायरी २: नकाशातच चूक आहे, पण कुठली?

आता खरा भाग. "रूट चुकला" असं आपण म्हणतो, पण रूट ही नकाशात साठवलेली वस्तू नसते. ती प्रत्येक वेळी नव्याने काढली जाते, साठवलेल्या माहितीवरून. त्यामुळे रूटबद्दल तक्रार करून फार काही साधत नाही. रूट ज्या नोंदीमुळे चुकला ती नोंद शोधावी लागते. माझ्या मते बहुतेक दुरुस्त्या इथेच फसतात, लोक लक्षण कळवतात आणि कारण सोडून देतात.

सर्वांत जास्त मनस्ताप देणारी आणि सर्वांत कमी ओळखली जाणारी चूक पिनची असते. एखाद्या मोठ्या आवाराची कल्पना करा, रुग्णालय किंवा गृहसंकुल. पिन बहुधा इमारतीच्या मध्यावर टोचलेली असते. रूट काढताना ॲप त्या पिनपासून सर्वांत जवळचा रस्ता शोधतं. मागच्या भिंतीपलीकडचा रस्ता पिनपासून चाळीस मीटरवर असेल आणि पुढचं प्रवेशद्वार शंभर मीटरवर, तर ॲप तुम्हाला भिंतीपाशी नेऊन सोडतं आणि "तुम्ही पोहोचलात" असं जाहीर करतं. इथे रस्ते सगळे बरोबर असतात, पत्ता बरोबर असतो, रूटिंगही नियमाप्रमाणेच चाललेलं असतं. चुकते ती फक्त पिनची जागा, किंवा आवाराच्या आतला रस्ता नकाशात नसतो, किंवा प्रवेशद्वाराची नोंद नसते. "मागच्या रस्त्याने नेऊ नका" असं हजार वेळा लिहिलं तरी फरक पडणार नाही, कारण त्या रस्त्याची काहीच चूक नाही. पिन प्रवेशद्वाराजवळ सरकवली किंवा आतला रस्ता जोडला की प्रश्न मिटतो. ओळखण्याची युक्ती सोपी आहे: पिनवर न जाता प्रवेशद्वारावर बोट दाबून धरा आणि तिथपर्यंतचा रूट काढा. तो बरोबर आला तर दोष पिनचा.

दुसरी नेहमीची चूक जोडणीची. नकाशात दोन रेघा एकमेकींना टेकलेल्या दिसतात, पण माहितीत त्यांचा सामायिक बिंदूच नसतो. रूटिंगच्या दृष्टीने तिथे दरी असते. म्हणून ॲप समोर दिसणारा सरळ रस्ता टाळून मोठा वळसा घालतं. उलटही होतं: वरून जाणारा पूल आणि खालचा रस्ता एकमेकांना जोडले जातात आणि ॲप पुलावरून "डावीकडे वळा" सांगतं. अशा चुका चौकाच्या अगदी जवळ झूम केल्यावर आणि छोटे छोटे रूट काढून पाहिल्यावर सापडतात. वळशाच्या दोन टोकांवर पिना ठेवा, अंतर कमी करत आणा, आणि जिथे ॲप अचानक बिथरतं तो तुकडा पकडा.

मग रस्त्याचे गुण: एकेरी की दुहेरी, वळणबंदी, वाहनांना परवानगी आहे की फक्त पायी, खाजगी की सार्वजनिक, उंचीची मर्यादा. पायवाट "रस्ता" म्हणून नोंदली असेल तर ॲप त्यावरून मोटार नेणारच. उरल्या जागांच्या चुका, म्हणजे नाव, वेळ, फोन नंबर, बंद पडलेलं दुकान. त्या ओळखायला डोकं लागत नाही आणि दुरुस्तही चटकन होतात.

वाहतुकीचे लाल-हिरवे रंग मात्र या यादीतून वगळा. ते चालत्या फोनच्या वेगावरून आपोआप ठरतात. २०२० मध्ये सायमन वेकर्ट या कलाकाराने हातगाडीत ९९ फोन ठेवून बर्लिनच्या रस्त्यावरून ती हळूहळू ओढत नेली आणि गूगल मॅप्सवर रिकाम्या रस्त्यावर कोंडी दाखवली. असा रंग थोड्या वेळाने स्वतःच बदलतो. त्याची तक्रार करण्यात वेळ घालवू नका.

पायरी ३: पुरावा

जागेवर असतानाच गोळा करा, नंतर आठवून लिहिलेलं ढिसाळ होतं. अर्थात गाडी चालवताना नाही. थांबा, बाजूला घ्या, मग फोन काढा.

पहिली गोष्ट म्हणजे अक्षांश-रेखांश. नकाशावर बोट दाबून धरलं की आकडे मिळतात. दशांश चिन्हानंतर पाच आकडे पुरेत. एक अंश अक्षांश म्हणजे जवळपास १११ किलोमीटर, त्यामुळे पाचवा आकडा सुमारे एका मीटरवर येतो. चौथ्यावरच थांबलात तर अकरा मीटरचा घोळ राहतो, आणि शेजारी-शेजारी दोन फाटकं असतील तर तो घोळ फार झाला. पाचाच्या पुढचे आकडे तुमचा फोन तितका अचूक नसताना नुसती शोभा असते.

दुसरं, फोटो. नुसता पाटीचा जवळून घेतलेला फोटो कमी पडतो, कारण ती पाटी कुठली हे त्यातून कळत नाही. दोन घ्या. एक पाटीचा, वाचता येईल असा. दुसरा मागे सरकून, ज्यात पाटी आणि आसपासची ओळखू येणारी खूण, म्हणजे चौक, इमारत किंवा पूल, एकत्र दिसेल. "प्रवेश बंद"ची पाटी, एकेरी वाहतुकीची खूण, फाटकाला लावलेलं कुलूप, नव्या नावाचा फलक हे सगळं चालतं. फोटोत माणसांचे चेहरे आणि गाड्यांचे नंबर येऊ देऊ नका, आले तर झाका. आणि फोटो मेसेजिंग ॲपवरून स्वतःलाच पाठवून मग वापरू नका. बरीच ॲप पाठवताना फोटोतली जागेची आणि वेळेची माहिती काढून टाकतात, मूळ फोटोत ती राहते.

रस्ता नकाशात नाहीच, किंवा चुकीच्या ठिकाणी काढला आहे असं असेल तर तिसरी गोष्ट लागते: जीपीएस ट्रॅक, म्हणजे तुम्ही गेलात त्या वाटेची फोनने ठेवलेली नोंद. ट्रॅक नोंदवणारं कुठलंही ॲप चालू करून तो रस्ता एकदा जाताना आणि एकदा येताना पार करा. दोन्ही रेघा जवळपास जुळल्या तर त्यांच्या मध्ये रस्ता आहे असं मानायला हरकत नाही.

पायरी ४: हा नकाशा कोणाचा?

ॲप एकाचं आणि नकाशा दुसऱ्याचा हे फार सर्रास आहे. टॅक्सीचं, सामान पोहोचवण्याचं, व्यायामाचं किंवा हवामानाचं ॲप स्वतः नकाशे बनवत नाही, कुठून तरी घेतं. नकाशाच्या कोपऱ्यात किंवा ॲपच्या "अबाउट"मध्ये बारीक अक्षरांत श्रेय दिलेलं असतं, ते वाचा. "ओपनस्ट्रीटमॅप कॉन्ट्रिब्युटर्स" असं असेल तर तो कोणालाही बदलता येणारा खुला नकाशा आहे, दुरुस्ती तिथेच करायची (पायरी ६), ॲपवाल्याला कळवून फारसं होत नाही.

एका चुकीची नक्कल किती लांब पसरते याचा गमतीदार दाखला म्हणजे इंग्लंडमधल्या लँकेशायरचं अर्गल्टन. हे गाव कधी अस्तित्वातच नव्हतं, त्या जागी शेतजमीन होती. तरी २००९ च्या सुमारास ते गूगल मॅप्सवर दिसत होतं, आणि त्या माहितीवर चालणाऱ्या संकेतस्थळांवर "अर्गल्टनमधल्या नोकऱ्या", "अर्गल्टनचं हवामान" अशी पानंही तयार झाली होती. अशी चूक पानापानावर जाऊन पुसता येत नाही, उगमाशी जावं लागतं.

पायरी ५: प्रत्यक्ष कळवणं

गूगल मॅप्समध्ये जागेची चूक असेल तर त्या जागेच्या पानावर "सजेस्ट ॲन एडिट" निवडा. पुढे दोन वाटा फुटतात: नाव, पिन, वेळ वगैरे बदलणं, आणि जागा बंद झाली किंवा हटवायची असं कळवणं. दुसऱ्या वाटेवर कारण काळजीपूर्वक निवडा. दुकान पलीकडच्या गल्लीत हललं असेल तर "कायमचं बंद" म्हणू नका, "दुसरीकडे गेलं" म्हणा. नाहीतर चालू धंद्यावर बंदचा शिक्का बसतो. रस्त्याची चूक असेल तर "कॉन्ट्रिब्यूट"मधून नकाशा संपादनाकडे जा. हे काम फोनपेक्षा संगणकाच्या ब्राउझरवर सोयीचं पडतं, पडदा मोठा असला की तुकडा नेमका निवडता येतो. आज अपघातामुळे किंवा कामामुळे बंद असलेला रस्ता मात्र नेव्हिगेशनमधल्या घटना कळवण्याच्या बटणाने सांगा. तात्पुरत्या गोष्टीसाठी नकाशा बदलायचा नसतो.

एका वेळी एकच बदल पाठवा. नाव, पिन, फोन नंबर आणि वेळ असं सगळं एकदम पाठवलं आणि त्यातल्या एकाबद्दल शंका आली, तर सगळंच अडकायची शक्यता असते. जिथे फोटो जोडायची सोय आहे तिथे जोडा. जागेच्या पानावर आधी फोटो टाकून मग दुरुस्ती सुचवली तर ती जास्त टिकते, असं मला वाटतं.

ॲपल मॅप्समध्ये जागेच्या पानाखाली किंवा तुमच्या प्रोफाइलच्या चित्रावर टिचकी मारून "रिपोर्ट ॲन इश्यू" सापडतं, आणि पाठवलेल्या तक्रारी "रिपोर्ट्स"मध्ये साठतात. काम झालं की सूचना येते. हा नकाशा सप्टेंबर २०१२ मध्ये इतका कच्चा आला होता की ॲपलचे तेव्हाचे प्रमुख टिम कुक यांनी जाहीर पत्रात माफी मागून, सुधारणा होईपर्यंत प्रतिस्पर्ध्यांची ॲप वापरा असं सुचवलं होतं. त्याच डिसेंबरात ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या पोलिसांनी इशारा काढला. मिल्ड्युरा शहर शोधणाऱ्यांना तो नकाशा शहरापासून सुमारे ७० किलोमीटर दूरच्या राष्ट्रीय उद्यानात नेत होता.

वेझ या नेव्हिगेशन ॲपचं गणित वेगळं. तिथे तुमची तक्रार स्वयंसेवक संपादकांच्या नकाशावर खूण म्हणून उमटते, आणि ॲपने काय सांगितलं होतं व तुम्ही प्रत्यक्ष कुठून गेलात हेही त्यांना दिसतं. बऱ्याचदा ते उलट प्रश्न विचारतात. उत्तर दिलं नाही तर काही दिवसांत तक्रार बंद होते. म्हणजे वेझवर तक्रार टाकून निघून जाणं फुकट. दोन ओळींचं उत्तर द्यायची तयारी ठेवा.

मजकूर कुठेही लिहा, पण असा:

"आवाराचं उत्तरेचं फाटक कुलूपबंद आहे, तिथून वाहन किंवा माणूस आत जाऊ शकत नाही. प्रवेश फक्त पूर्वेच्या रस्त्यावरच्या फाटकातून. पिन उत्तर भिंतीजवळ असल्याने रूट उत्तरेकडे जातो. पिन या अक्षांश-रेखांशावर हलवावी. फोटो जोडला आहे, आज प्रत्यक्ष पाहिलं."

यात राग नाही, विशेषणं नाहीत, आणि काय आहे, काय हवं, कशावरून या तिन्हींची उत्तरं आहेत. "खूप दिवसांपासून त्रास होतोय" हे वाक्य मनापासून लिहावंसं वाटतं, पण तपासणाऱ्याला त्यातून काहीच तपासता येत नाही.

पायरी ६: ओपनस्ट्रीटमॅप, जिथे दुरुस्ती तुमच्याच हातात

स्टीव्ह कोस्ट यांनी २००४ मध्ये ब्रिटनमध्ये सुरू केलेला हा नकाशा कोणीही बदलू शकतं, आणि तुमचा बदल मान्य करायला वर कोणी बसलेलं नसतं. साठवला की लागू. जानेवारी २०१० मध्ये हैतीत भूकंप झाला तेव्हा जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रांवरून पोर्तो प्रिन्सचे रस्ते काही दिवसांत काढले आणि मदत पथकांनी ते वापरले. कंपनीच्या मंजुरीची वाट पाहण्यापेक्षा मला हा मार्ग बरा वाटतो, अर्थात तुमचं ॲप हा नकाशा वापरत असेल तर.

सुरुवात करायला तीन उंचीच्या पायऱ्या आहेत. सर्वांत खालची म्हणजे संकेतस्थळावर त्या जागी नोट टाकणं. ती वाचून दुसरा कोणी दुरुस्ती करतो. मधली पायरी म्हणजे अँड्रॉइडवरचं स्ट्रीटकम्प्लीट हे ॲप. ते तुम्ही उभे असाल तिथले छोटे प्रश्न विचारतं, या रस्त्याचं नाव काय, इथे फरसबंदी आहे की माती, हे दुकान किती वाजता उघडतं, आणि उत्तरं थेट नकाशात जातात. दुकानं आणि प्रवेशद्वारांसाठी एव्हरी डोअर हे ॲप चांगलं. वरची पायरी म्हणजे ब्राउझरमधला आयडी एडिटर, ज्यात रेघा, बिंदू आणि गुण हाताने बदलता येतात.

वरच्या पायरीवर काही पथ्यं पाळावी लागतात. फक्त जमिनीवर जे खरोखर आहे तेच नोंदवायचं. गूगल किंवा कुठल्याही दुसऱ्या नकाशावरून नक्कल करायची नाही. परवाना तशी मुभा देत नाही आणि असे बदल उलटवले जातात. रस्ता खाजगी आहे म्हणून तो पुसून टाकू नका. तो जमिनीवर आहे ना, मग नकाशात राहू द्या आणि प्रवेशाच्या रकान्यात "प्रायव्हेट" लिहा. पुसलात तर पुढच्या महिन्यात कोणीतरी उपग्रहचित्र बघून तो परत काढेल, आणि या वेळी खुला म्हणून. फाटक असेल तर रस्त्याच्या रेघेवर फाटकाचा बिंदू टाका, शेजारी नव्हे, नाहीतर रूटिंगला ते दिसणारच नाही. नवी रेघ जोडताना ती जुन्या रेघेला खरोखर चिकटली आहे का हे झूम करून बघा. आणि उपग्रहचित्राशी जुळवायला अख्खी वस्ती सरकवण्याचा मोह टाळा. आधी जीपीएस ट्रॅकशी तुलना करून चित्र सरकलंय का ते तपासा, एडिटरमध्ये चित्रच सरकवायची सोय आहे.

नावांबद्दल थोडं. मुख्य नाव पाटीवर असेल तसं, आणि मराठी नाव "मराठी" भाषेच्या वेगळ्या रकान्यात. तो रकाना भरला की नकाशा मराठीत दाखवणाऱ्या ॲपना नाव लिप्यंतर न करता मिळतं. नावात "स्वस्त आणि मस्त", फोन नंबर किंवा पत्ता घुसवू नका. ही सवय व्यापारी नकाशांवर इतकी बोकाळली आहे की आता कुठल्या दुकानाचं खरं नाव कुठे संपतं तेच कळत नाही.

साठवताना बदलाचं कारण एका वाक्यात लिहा, "प्रत्यक्ष पाहणी, उत्तर फाटक बंद". पुढे कोणी हरकत घेतली तर हेच वाक्य तुमची बाजू मांडतं. कोणी तुमचा बदल उलटवला तर पुन्हा उलटवू नका, त्या बदलाखाली चर्चा करा.

पायरी ७: नाकारलं, किंवा दुरुस्त होऊन परत बिघडलं

व्यापारी नकाशे इतके संशयी का असतात, याला इतिहास आहे. गूगलचं मॅप मेकर हे २००८ मध्ये सुरू झालेलं साधन लोकांना थेट नकाशा काढू देत होतं. २०१५ मध्ये रावळपिंडीजवळच्या जमिनीवर कोणीतरी अँड्रॉइडचा रोबो ॲपलच्या बोधचिन्हावर लघवी करतानाचं चित्र नकाशात घुसवलं. गूगलने मे महिन्यात साधन तात्पुरतं थांबवलं आणि २०१७ मध्ये ते कायमचं बंद केलं. असल्या खोड्यांचा भुर्दंड प्रामाणिक माणूस अजून भरतो.

नाकारण्याची कारणं बहुधा ठरलेली असतात. खातं नवं आहे आणि त्याचा काहीच इतिहास नाही. पिन एकदम फार दूर हलवली. जुन्या उपग्रहचित्रात किंवा रस्त्यावरच्या जुन्या फोटोंत वेगळंच दिसतं. किंवा जागेच्या मालकाने भरलेल्या माहितीशी तुमचं म्हणणं जुळत नाही. पहिल्यावर इलाज म्हणजे आसपासच्या सोप्या, निर्विवाद दुरुस्त्या आधी करणं, बंद दुकानं, बदललेल्या वेळा. दुसऱ्या-तिसऱ्यावर फोटो. चौथ्यावर मालकालाच सांगणं. धंद्याची किंवा संस्थेची नोंद मालकाने पडताळून ताब्यात घेतली असेल तर त्याच्या हातून झालेला बदल परक्याच्या सूचनेपेक्षा वजनदार ठरतो. तुमच्या इमारतीच्या व्यवस्थापनाने ही नोंद ताब्यात घेतली नसेल तर आधी ते करून घ्या.

ती जागा खरोखर ओळखणाऱ्या दोन-चार जणांनी आपापल्या शब्दांत तीच चूक कळवली तर उपयोग होतो. पण ग्रुपवर मजकूर फिरवून सगळ्यांकडून एकाच तासात तीच सूचना पाठवून घेऊ नका. प्रणालीला तो संघटित खोडसाळपणा दिसतो.

दुरुस्ती मान्य होऊन काही काळाने जुनी चूक परत येते, याचा संताप समजण्यासारखा आहे. कारण बहुतेकदा असं की नकाशा कंपनी रस्त्यांची माहिती सरकारी किंवा व्यापारी पुरवठादाराकडून वेळोवेळी नव्याने घेते आणि तिथे चूक तशीच असते. मग स्थानिक रस्ते प्राधिकरणाच्या नोंदीतच बदल करून घ्यावा लागतो. काम कंटाळवाणं आहे, पण एकदाच करावं लागतं.

चूक जिवावर बेतणारी असेल तर ॲपच्या भरवशावर राहू नका. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या हिकरी इथे २०१३ मध्ये कोसळलेला पूल नकाशात तसाच राहिला. २०२२ मध्ये त्यावरून गाडी खाली पडून एक जण मरण पावला. त्याच्या कुटुंबाने २०२३ मध्ये गूगलविरुद्ध भरलेल्या दाव्यात म्हटलं आहे की पूल नसल्याचं रहिवाशांनी आधीच "सजेस्ट ॲन एडिट"मधून कळवलं होतं. तिथे अडथळे आणि इशाऱ्याच्या पाट्याही नव्हत्या, असंही दाव्यात आहे. याउलट २०१३ मध्ये अलास्कातल्या फेअरबँक्स विमानतळावर ॲपलचा नकाशा लोकांना विमानांच्या मार्गिकेच्या कडेपर्यंत नेत होता आणि काही चालक तसेच पुढे धावपट्टी ओलांडून गेले. विमानतळाने ॲपलकडे तक्रार केलीच, शिवाय तो रस्ता अडथळे लावून बंद केला. तुटलेला पूल, खचलेला घाट, अचानक संपणारा रस्ता दिसला तर पहिला फोन रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेला आणि पोलिसांना. नकाशा नंतर.

दुरुस्ती होईपर्यंत

येणाऱ्यांना जागेचं नाव पाठवू नका, प्रवेशद्वारावर टोचलेली पिन पाठवा. प्लस कोड, म्हणजे अक्षरं आणि आकड्यांचा जागेचा छोटा सांकेतिक पत्ता, तोही चालतो. गूगल मॅप्समध्ये तो प्रत्येक जागेला आपोआप मिळतो. नेहमीचा दहा अक्षरांचा कोड साधारण १४ मीटर रुंद चौकोन दाखवतो, आणि अकरावं अक्षर जोडलं तर तीन मीटरच्या आसपास. सोबत एक ओळ लिहा: "शेवटच्या चौकात नकाशा उजवीकडे सांगेल, तुम्ही सरळ या."

शेवटी तपासणी

"मान्य" असा निरोप आला म्हणजे काम झालं असं नाही. ओपनस्ट्रीटमॅपवरचा बदल त्याच्या संकेतस्थळावर काही मिनिटांत दिसतो, पण तोच डेटा वापरणारी ऑफलाइन ॲप पुढचा नकाशा प्रसिद्ध होईपर्यंत जुनंच दाखवतात. २०१८ मध्ये कोणीतरी ओपनस्ट्रीटमॅपवर न्यूयॉर्कचं नाव बदलून ज्यूद्वेषी शिवी घातली. तिथे ती लगेच पुसली गेली, तरी इतर ॲपना नकाशे पुरवणाऱ्या मॅपबॉक्स कंपनीच्या मार्फत काही आठवड्यांनी ती स्नॅपचॅटसारख्या ॲपवर उमटली. चुका जशा उशिरा पोहोचतात तशाच दुरुस्त्याही. म्हणून थोडे दिवस जाऊ द्या, मग दुसऱ्या कोणाच्या फोनवर, ऑफलाइन नकाशा अपडेट करून, त्या जागेचा रूट दोन वेगवेगळ्या दिशांनी काढा. एकदा मोटारीचा, एकदा पायी. मोटारीचा बरोबर आला आणि पायी अजून भिंतीपाशी नेत असेल तर आवाराच्या आतल्या पायवाटेची जोडणी राहिली आहे.